अर्धी दाढी

अप्तीने वाखाच्या डोक्यावरची टोपी ओरबाडून काढली, केस मुठीत धरले आणि मान मागे खेचली. खुर्ची करकरली. वस्तरा दाढीत शिरला.

व्हिएन्नाच्या कडेला, टायरच्या गॅरेजमागच्या अंगणात दोन चेचेन घराण्यांचे पुरुष समोरासमोर उभे होते. वाखाने अप्तीच्या थोरल्या भावाला, बिसलानला, भोसकून मारलं होतं. तुरुंग भोगून झाला. पण तो सरकारचा हिशेब. घराण्यांचं वैर मिटायचं तर मेलेल्याच्या भावाने मारणाऱ्याची वाढलेली दाढी स्वतःच्या हाताने उतरवायची आणि मेलेल्याची घरातली जागा त्याला द्यायची, ही रीत. अप्तीने होकार दिला होता. का दिला, ते फक्त त्यालाच ठाऊक. हा गळा एरवी इतका हाताशी कधी आला असता?

डावा गाल मोकळा झाला. पातं हनुवटीखाली आलं.

"वा रे पठ्ठ्या!" मागून चुलतभाऊ खेकसला. "भावाच्या खुन्याचा न्हावी झालास की!"

अप्तीचं डोकं फिरलं. त्याने पातं दाबलं आणि ओढलं. वाखाच्या गळ्यावरून रक्ताचा ओघळ शर्टात उतरला. समोरच्या रांगेतून एकजण धावून आला आणि त्याने चुलतभावाच्या तोंडावर असा ठोसा हाणला, की दात फरशीवर पडला. दुसऱ्याने चाकाचा पाना उचलला. समेट घडवायला आलेले म्हातारे युनादी काठी आपटत ओरडत राहिले; ऐकतो कोण!

"मागे व्हा सगळे!" वाखा गरजला. तो खुर्चीतून हलला नव्हता. मग हळूच अप्तीला म्हणाला, "थांबलास का? संपव."

अप्तीला भयंकर राग आला. निदान भ्यायचं तरी होतं त्याने! त्याने वस्तरा पुन्हा त्या जखमेवर टेकवला.

गॅरेजचं दार उघडलं. अप्तीची आई पेतिमात बाहेर आली. बायकांनी इथे यायचं नसतं, तरी पुरुषांनी वाट दिली. पाना खाली आला. तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि वाखाच्या गळ्यावर दाबून धरला.

"आई, तू आत जा."

"जाते." ती वाखाच्या अर्ध्या तासलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "उरलेली कर आधी. भावाला असा अर्धवट घेऊन घरी येणार आहेस का?"