निसर्गाचं वेळापत्रक

भाद्रपद आला तरी तलाव भरले नव्हते. सिडकोच्या नव्याकोऱ्या वाशीतल्या फ्लॅटात दोन हवामानशास्त्रज्ञ चहा गार करून हमरीतुमरीवर आले होते.

"विमानानं ढगांत मीठ फवारा, पाऊस पाडा! गरज पडली की करावंच लागतं हो," देवधर म्हणाले.

"मुळीच नाही!" अनंतराव कडाडले. "निसर्गाचं वेळापत्रक आपल्या सोयीसाठी हलवलंत, तर भोगावं लागतं कुणाला तरी."

दारातल्या कुमुदला नवऱ्याचं बोलणं इतकं पटलं, की धीरच आला. गेल्या वर्षी त्या गोळ्यांपायी महिनाभर भिंती धरून चालत होती ती.

देवधर गेल्यावर ती म्हणाली, "अहो, यंदा मी गोळ्या नाही घेणार."

"भलतंच काय! गौरी जेवायच्या दिवशीच तुझी पाळी येतेय. पुढे नको ढकलायला?"