मटण पंचवीस, खर्डा दोन

सलग सहाव्या दिवशी आबांनी तोंड मिटून घेतलं. भरवणारा यांत्रिक हात मटणाचा मऊ घास घेऊन ओठांपर्यंत आला, थांबला आणि मागे गेला.

"मटण, प्रथिनं पंचवीस. खर्डा, दोन. खर्डा वगळला," त्या हाताचं बोलकं ताट आबांच्या आवडीच्या पदार्थांची यादी वाचत रोजच्यासारखं बोललं.

आबांच्या बायकोची, शेवंताक्कांची, शाळा दुसरीतच सुटलेली. एवढ्या शिकलेल्या ताटापुढं आपण काय बोलायचं, म्हणून महिनाभर त्यांनीच घरात मिरची ठेचू दिली नव्हती. सुनेनं, रंजनानं, एकदा चोरून खर्डा आणला तर "सासऱ्याला मारतीस काय गं भवाने?" म्हणून वाटी मोरीत ओतली होती.

आज मात्र त्या स्वतः चुलीपुढं बसल्या. मिरच्या, लसूण, मीठ तव्यावर टाकून तांब्याच्या बुडानं रगडलं. घरभर ठसका उठला.

"बघतीस काय?" दारात आलेल्या रंजनाला त्या म्हणाल्या. "पंचवीस पोटात जायला आधी तोंड उघडावं लागतं. ताटाला कुठलं कळतंय!"

त्यांनी बोटभर खर्डा आबांच्या जिभेवर टेकवला. ओठ हलले.

"मीठ... कमी."

"म्हाताऱ्याची खोड काही जात नाही!" अक्का हरखल्या. लगेच त्यांनी मटणाचा घास दिला. आबांनी तो तोंडात घेतलाही, पण गिळायची ताकद गळ्यात उरली नव्हती. घास ओठांच्या कडेनं बाहेर आला.

अक्कांनी तो पदरानं पुसला. मटणाची वाटी बाजूला सारली.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या, "नुसती चव तरी घ्या," आणि बोट पुन्हा खर्ड्यात बुडवलं.