आडवी भेग

अणुभट्टीत राहिलेल्या युरेनियमच्या गोळीत किरणोत्सर्गामुळे वायूचे बुडबुडे कसे साचतात आणि ती आतून कशी फुगते, तडकते, हा त्या विद्यार्थिनीच्या पीएचडीचा विषय. बाकी सगळ्या भेगांचा हिशेब लागला होता. एक आडवी भेग तेवढी कुठल्याच सिद्धांताला दाद देत नव्हती.

"अगं, हिचं कारण दे, नाहीतर प्रबंधावर माझी सही विसर!" मार्गदर्शक सर खेकसले.

"कारण ठाऊक आहे सर, लिहिलं नाही एवढंच. तुमच्या मेव्हण्यांना जाड काचेपलीकडचे यांत्रिक हात चालवून दाखवताना तुम्ही ही गोळी पाडली होती."

सरांनी पेनाचं टोपण काढलं.



"डॉक्टर, जरा दार लावून घेता?"