दहापैकी दहा

माणसाची लायकी त्याच्या संग्रहावरून ठरते, असं युट्रेख्टचा शैलेंद्र सांगायचा. त्याच्या संग्रहात अमेरिकन बेसबॉलपटूंची जुनी कार्डं होती. तो खेळ त्याने जन्मात पाहिला नव्हता. तपासनिसांनी दहापैकी दहा गुण दिलेली कार्डं कुणाकडे जास्त, या स्पर्धेत तो दुसरा, हेगचा दिनकर पहिला. फरक एका कार्डाचा. ‘त्या अडाण्याला कार्ड काय आणि पापड काय,’ तो बायकोला ऐकवायचा. लॉकडाऊनमध्ये घरी दिवसाला एकच पाहुणा चालायचा. बायकोच्या मैत्रिणीला कटवून त्याने दिनकरला, दहा गुणांचं एक कार्ड घेऊन, बोलावलं. दिनकरने ते कार्ड टेबलावर ठेवलं. ‘बोला, काय घ्याल याचे?’ वर्षाचा बोनस ओतायची तयारी ठेवून शैलेंद्रने विचारलं. ‘पैसे नकोत,’ म्हणत दिनकरने कानटोपी काढली. आतलं जंगल खांद्यावर उतरलं. ‘सलून बंद आहेत. तुमचे केस वहिनी कापतात ना? त्यांना म्हणावं, माझेही जरा कापा. मागून बारीक.’