आल्याची सही

रखवालदाराला आठ तासांच्या वर राबवायचं नाही, हे कलम कायद्याच्या मसुद्यातून काढून घ्यायला आम्ही सुरक्षा एजन्सीवाले कामगारमंत्री मॅडमसमोर बसलो होतो. 'आम्हाला बारा तासच हवेत' या रखवालदारांच्या अर्जामागे मी हजेरीवहीतली सह्यांची पानं जोडली होती, वरचा मथळा कापून.

मॅडमनी पानं चाळली आणि दारावरच्या काकांना आत बोलावलं. ते आमच्याच एजन्सीचे.

"यात तुमची सही आहे का?"

काकांनी डोळे चोळले, पान जवळ धरलं.

"आहे की. ही माझीच."

मी श्वास सोडला.

"काल सकाळी ड्युटीवर आल्याची. सुटल्याची अजून करायची आहे."