सातवा डबा

बुडबुडा आला नाही.

पाण्याच्या पिंपात ॲल्युमिनियमचा डबा बुडवलेला होता. त्याची सगळी तोंडं रबरी बुचांनी बंद केली होती आणि एका नळीतून कॉम्प्रेसरची हवा आत जात होती. सायकलचं पंक्चर शोधावं तसे निंबा आणि स्वप्नील पिंपावर वाकले होते. दाबाचा काटा पंधरावर गेला, वीसवर गेला. पाणी हललं नाही. डबा गळणार नाही हे निंबाला आधीच ठाऊक होतं. दोन वर्षांत आज पहिल्यांदा त्याने न गळणारा डबा केला होता.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत निंबाची पत्र्याची शेड. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. आपल्या जुन्या एस्टीम गाडीला सुपरचार्जर बसवायचं स्वप्नीलने मनावर घेतलं, तेव्हा तो सरळ इथेच आला. सुपरचार्जर इंजिनात हवा दाबून भरतो. हवा वाढली की पेट्रोलही जास्त लागतं, म्हणून पेट्रोलची नळी नवी हवी, आणि ती दाबलेली हवा सगळ्या सिलिंडरांना वाटून देणारा डबाही नवा हवा. असल्या वस्तू दुकानात मिळत नाहीत. नळी निंबाने पहिल्याच महिन्यात करून दिली. डबा मात्र अजून चाललाच होता.

त्याला कारण बन्सीलाल नाना, म्हणजे स्वप्नीलचे वडील. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच, आणि दोघंही एकाच खाणीतले दगड. दोन वर्षांपूर्वी कानबाईच्या रोटांना, म्हणजे श्रावणातल्या देवीच्या सणाला, सगळे भाऊबंद घरी जमले होते. नाना जेवता जेवता म्हणाले, हे भंगार काही या जन्मी चालू होत नाही. पोरगं पेटलं. ज्या दिवशी गाडी चालू होईल त्याच दिवशी तिच्यात बसून पुण्याला जाईन, परत या उंबऱ्याला पाय लावणार नाही, असं पंचवीस माणसांसमोर बोलून बसलं. नानांनीही "जाय" म्हटलं. माघार घ्यायची रीत त्या घरात नव्हतीच.

दुसऱ्याच दिवशी नाना शेडवर आले. निंबाला हाताला धरून आयटीआयला घातलं होतं ते या नानांनीच. त्यांचा आवाज कधी बसलेला त्याने ऐकला नव्हता. तो त्या दिवशी बसला होता.

"निंबा, गाडी चालू व्हयनी का पोर जाई. तू ती चालू व्हऊ दिऊ नको. कानबाईनी आन शे तुले."

निंबा नाही कसं म्हणणार?

तेव्हापासून प्रत्येक डब्यात तो एक भोक ठेवायचा. सुईच्या टोकाएवढं, खालच्या कोपऱ्यात, काठाच्या आड. पेट्रोलच्या नळीत त्याने खोट ठेवली नाही. तिथे माणूस जळतो. खोट ठेवायची ती हवेच्या डब्यात, एवढी लाज त्याने राखली होती. दर वेळी पिंपात बुडबुडा यायचा आणि दर वेळी स्वप्नील नुसती मान हलवायचा. पाच मिनिटांत ते भोक बुजवता आलं असतं. पण स्वप्नीलच म्हणायचा, "ठिगळ नको भाऊ. नवाच करू." धुळ्याला दुसरा वेल्डर होता. तिकडे तो कधी गेला नाही. वाकडा शब्दसुद्धा कधी बोलला नाही. पोराचा हा विश्वासच निंबाला आतून खात होता. दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्याला रात्री झोप तरी लागली असती.

सहा डबे भिंतीवर टांगलेले होते. काम करताना निंबा त्यांच्याकडे पाठ करून बसायचा. चहाच्या टपरीवर लोक म्हणत, "निंबाच्या डब्यात हवा टिकत नाही, मठ्ठा भरून पाहा." तोही हसायचा. इकडे नानांची आण, तिकडे आपल्या हाताची अब्रू. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी आज सकाळी त्याने मनातल्या मनात कानबाईला हात जोडले, माफी मागितली आणि तो कोपरा भरून टाकला. नाना काय बोलतील ते बोलोत. पोराच्या पायात आपण बेडी घालायची नाही.

काटा पंचवीसवर थांबला.

"पाहा," निंबा म्हणाला. दोन वर्षांत त्याचा आवाज एवढा मोकळा कधी निघाला नव्हता. "एक बुडबुडा नाही. ने घरी आणि बसव. संध्याकाळपर्यंत गाडी चालू."

स्वप्नीलने मान वर केली नाही. त्याने बाही सारली आणि पाण्यात हात घातला. हात कुठेही चाचपडला नाही. सरळ डब्याखाली गेला, काठाच्या आड, खालच्या कोपऱ्यात. तिथे त्याचं बोट बराच वेळ फिरत राहिलं.

"इथलं भोक कुठे गेलं, भाऊ?"

निंबा पिंपावरून मागे सरला. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या डब्यापासून."

कॉम्प्रेसर बंद पडला. स्वप्नीलने हात बाहेर काढला, पँटला पुसला आणि भिंतीवरच्या सहा डब्यांकडे एकेक करून पाहिलं.

"आता मला जावंच लागेल," तो म्हणाला.