शिपायाच्या खिशाचं काज

शिपाई भीमराजचा होता आणि पाटी रविराजची. 'महायुद्धातला हिंदी शिपाई. गणवेश : रविराज.' शेजारी पहिल्या बक्षिसाची निळी फीत. भीमराजने पाटी पुन्हा एकदा वाचली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चिंचवडच्या त्या हॉलमध्ये जुन्या काळच्या सैनिकांचं प्रदर्शन भरलं होतं. फूटभर उंचीचे शिपाई, अंगावर त्या त्या लढाईतले हुबेहूब कपडे. त्यांना बाहुल्या म्हटलेलं या छंदवाल्यांना अजिबात खपत नाही. एखाद्याच्या शिपायाला चुकीच्या सालातलं बटण लागलं, तर ही माणसं महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत.

भीमराजचा हा शिपाई म्हणजे त्याचे आजोबाच होते. भिंतीवरच्या एकुलत्या एका फोटोवरून त्याने ते उभे केले होते. पट्ट्याचं पितळी बक्कल त्याने चाकणच्या कंपनीतून कामावरून घरी आल्यावर कानस घेऊन स्वतः घासलं होतं. शर्टाची कॉलर फोटोशी जुळेपर्यंत किती वेळा उसवली आणि किती वेळा शिवली, त्याला गणती नाही. काल मांडामांडीच्या वेळी नेमकी त्याची शिफ्ट होती. पिंपळे गुरवचा रविराज, इतक्या वर्षांचा दोस्त, म्हणाला, "दे भावा, मी नेतो गाडीतून." भीमराजने विश्वासाने आजोबा त्याच्या हातात दिले. त्याने ते स्वतःच्या टेबलावर मांडून टाकले.

"मेहनत एकाची आणि नाव दुसऱ्याचं!" भीमराजने पाटीवर बोट आपटलं. "सख्ख्या भावासारखा मानला गं मी याला, दीक्षा!"

त्याची बायको शेजारीच उभी होती. आल्याआल्या तिने शिपायाची मुडपलेली कॉलर नखाने सरळ केली होती.

"लागतं मनाला," ती म्हणाली.

"लागतं? अगं, जीव जातो!"

तेवढ्यात रविराज हसत हसत आला. चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नाही. "काय राव, एवढं तापायला काय झालं? फोटो तुझा होता, कबूल. पण शिवलाय मी. तुला दाखवायला दिला होता, तो परत आणला." बोलला तो इतक्या साळसूदपणे, की ऐकणाऱ्याला भीमराजचाच संशय यावा. लोक जमले. भीमराज अगदी रडकुंडीला आला. बक्षीस गेलं तर गेलं, पण आजोबा दुसऱ्याच्या नावावर? घरी त्या फोटोसमोर उभं कसं राहायचं?

परीक्षक म्हणून बोलावलेले निवृत्त सुभेदार ज्योतीराम गर्दी बाजूला सारत पुढे आले. भीमराजने घाईघाईने मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"साहेब, ही गेल्या वर्षीची माझी पाटी बघा. 'संग्रह, संशोधन, गणवेश : भीमराज.' त्याच्या आदल्या वर्षीचीही आहे. इथं कुणालाही विचारा, गणवेश कुणाचे असतात ते!"

दीक्षानेही मान वाकवून तो फोटो पाहिला. तिनेच काढलेला होता.

"पाटीचं काय घेऊन बसलात साहेब," रविराज म्हणाला. "पाटी कुणीही लिहितं."

"बरोबर आहे," सुभेदार म्हणाले. "पाटी कुणीही लिहितं. हे असलं काज मात्र कुणीही करत नाही." त्यांनी शिपायाच्या खिशाकडे बोट दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढं बटण आणि त्याला बेतशीर बसणारं काज. टाके मोजायला भिंग लागावं इतके बारीक. "सुईदोरा मागवतो, खाकीचा तुकडाही आहे. ज्याने हा शर्ट शिवलाय त्याने इथं बसून असं एक काज करून दाखवावं. मग नाव त्याचं."

रविराजचा चेहरा उतरला. तरी तो बसला. सुईत दोरा जाता जाईना. गेला तेव्हा पहिल्याच टाक्याला सुई बोटात घुसली. "काजं तेवढी बाहेरून करून घेतली होती," तो पुटपुटला. लोक खो खो हसले. कुणीतरी पाटी उचलून उलटी ठेवली. रविराजने मान खाली घातली आणि खुर्ची सोडली.

"आता तुम्ही," सुभेदार म्हणाले.

भीमराजला एकदम हलकं वाटलं. छाती पुढे काढून त्याने सुई, दोरा आणि तुकडा घेतला. आणि रोज घरी करतो तसंच, मागे न बघता, हात मागे केला.

"दीक्षा, घे. कर पटकन."

हसणं थांबलं. सुभेदारांनी भीमराजकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे. आपण काय केलं ते भीमराजला अजून समजलं नव्हतं. तो रविराजकडे बघून हसतच होता.

दीक्षा खुर्चीवर बसली. चाकणला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारी ती बाई. दोऱ्याचं टोक तिने ओठात धरून ओलं केलं आणि एका झटक्यात सुईत ओवलं. गाठ मारली. तुकडा डाव्या हातात ताणून धरला. सुई कापडाला टेकवली आणि तिथेच थांबली.

"काय झालं?" भीमराज म्हणाला.

तिने मान वर केली. बघितलं ते रविराजकडे नाही, सुभेदारांकडेही नाही.

"अहो, पाटीवर नाव कुणाचं घालणार, ते आधी सांगा."